अब्बांच्या पायाची जागा

आमच्या घरात नवा माणूस आला की आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. पुढच्या खोलीत अब्बांचं कापूस पिंजायचं यंत्र, मागच्या खोलीत आम्ही, आणि मध्ये अम्मीनं टांगलेला जुन्या साडीचा पडदा. पण कापसाला पडद्याचं काय? भातावर, लोणच्याच्या बरणीवर, माझ्या वेणीत, अब्बांच्या भुवयांवर तो असायचाच. अम्मी तांदूळ निवडायला बसली की खडे कमी आणि कापूस जास्त काढायची. यंत्र सुरू झालं की बोलणं बंद आणि खुणा सुरू, आणि खुणांनी काम भागलं नाही की ओरडणं. त्यामुळे आम्ही घरचे सगळे जरा मोठ्यानंच बोलतो. माझी ती सवय अजून गेलेली नाही. माझी लेक माझा फोन आला की मोबाईल कानापासून वीतभर लांब धरते.

आम्ही मोहाडीचे पिंजारी. आजोबांचे आजोबा कुठून आले ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नसे. घरात आम्ही इथलीच बोली बोलायचो. उर्दू आमच्याकडे ईदच्या पाहुण्यासारखी यायची, आदरानं बसायची आणि शीरखुर्मा खाऊन निघून जायची. यंत्र येण्याआधी अब्बा खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची ती मोठी धनुकली, घेऊन गावोगाव पायी हिंडत. पार जवाहरनगरच्या क्वाटरांपर्यंत जात, तिथं आठवडाभर मुक्काम ठोकून फॅक्टरीतल्या बाबूंच्या गाद्या भरून देत. धान कापून झालं, हवेत गारवा आला, की त्यांचा मोसम. जुनी गादी उसवायची, गठ्ठे झालेला कापूस उन्हात टाकायचा, पिंजायचा, आणि फुलला की नव्या खोळीत भरायचा. गिऱ्हाइकाला नेहमी संशय, की आपला चांगला कापूस ह्यानं ठेवून घेतला आणि दुसऱ्याचा भरला. अब्बांचा एकच नियम होता: दोन घरांचा कापूस एका वेळी उघडायचा नाही. एकाची गादी शिवून होईपर्यंत दुसऱ्याची दोरीसुद्धा सोडायची नाही, मग दारात कितीही रांग लागो. अम्मी ह्या नियमावर चिडायची, कारण त्यात दिवस मोडायचे. पण अब्बांच्या गादीवर कुणी कधी बोट ठेवलं नाही.

कयामतच्या दिवशी डोंगर पिंजलेल्या लोकरीसारखे उडतील, असं कुराणात येतं. मौलवीसाहेबांनी त्याचा अर्थ समजावून सांगितला तेव्हापासून अब्बा ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. "आपला धंदा वर बी चालते," असं म्हणून यंत्रावर थाप मारत. मला तेव्हा ह्या बढाईची लाज वाटे. आता वाटत नाही.

त्यांना साखरेचा आजार झाला तेव्हा डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितला. धानाच्या मुलखात माणसाला भात बंद! अम्मी ज्वारीची भाकरी आणि लाखोळीची डाळ वाढायची आणि अब्बा ताटाकडे असे बघायचे की जणू दुसऱ्याचं ताट चुकून पुढ्यात आलंय. गादी शिवताना ते कापड पायाच्या अंगठ्यात ताणून धरत आणि मोठ्या दाभणानं टाके घालत. असंच एकदा दाभण डाव्या अंगठ्यात घुसलं. साखरेनं पाय बधिर झालेला, त्यांना कळलंच नाही. कोऱ्या खोळीवर लाल डाग दिसला तेव्हा अम्मी ओरडली. हळद झाली, मलम झालं, भंडाऱ्याचं इंजेक्शन झालं. अंगठा काळा पडला, मग पंजा. नागपूरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, की पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, आणि लवकर काढावा लागेल, नाहीतर माणूस हाती लागणार नाही.

"कापून मंग त्याचं काय करता?" अब्बांनी एवढंच विचारलं.

"जाळून टाकतात," ड्रेसिंग करणारा माणूस म्हणाला. त्या बिचाऱ्यानं खरं ते सांगितलं. अब्बांनी चप्पल शोधली, एकच पायात जात होती, ती घातली, आणि म्हणाले, "चला घरी."

घरी आल्यावर ते खाटेवर पडून राहिले आणि पाय कापायचं नाव काढू देईनात. आम्हाला वाटलं, दुखण्याला भितात. मग अम्मीनं खोदून विचारलं तेव्हा बोलले. "मरायले मी भेत नाही वो. पण कयामतच्या दिवशी तोंडाले मोहोर लागन, तोंड बंद. हात बोलतीन, पाय गवाही देतीन. ह्या पायानं मी कुठं कुठं गेलो, कोणाच्या दारी गेलो अन् कोणाच्या नाही, ते त्यालेच माहीत. गवाहच जाळून टाकला तं माझ्या बाजूनं बोलन कोण?"

"उजवा हाये ना," अम्मी म्हणाली.

"एका गवाहावर कुठं काम चालते का? दोन लागतेत."

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला हसू आलं, आणि लगेच विरलं. कारण माझा बाप गंमत करत नव्हता. तो खरोखर मरायला तयार झाला होता.

मी तेव्हा तुमसरच्या कॉलेजात बी.ए. करत होते. तत्त्वज्ञान घेतलं होतं ते अर्थशास्त्राच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून. आवड नंतर लागली. ग्रंथालयात मुस्लिम तत्त्वज्ञांवर एक जाडजूड हिंदी पुस्तक होतं. माझ्याआधी ते कुणी नेलं नसावं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी ठरवलं, की अब्बांना आपल्या धर्मातल्याच मोठ्या माणसांच्या तोंडून पटवायचं. रोज दुपारी बसनं घरी आले की खाटेशी बसून वाचायची. अब्बांचे जुने दोस्त मेश्रामकाकाही त्याच सुमारास यायचे. ते तहसील कचेरीत बाबू होते. गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्यांच्याकडे नुसती कागदांची हलवाहलव चालली होती. त्याला कंटाळून ते चहाला आमच्याकडे पळून येत. मेश्रामकाकांचे वडील बौद्ध झाले त्या पिढीतले. आत्मा वगैरे काही नसतंच, ह्यावर काका ठाम होते, पण चर्चेला कधी नाही म्हणायचे नाहीत.

पहिल्यांदा मी अब्बांना पुस्तकातल्या एका जुन्या हकिमाचं मत सांगितलं. तो वैद्य होता आणि तत्त्वज्ञही. त्याचं म्हणणं, की माणूस म्हणजे त्याची रूह, त्याचा आत्मा; शरीर हे तिचं नुसतं हत्यार. समजा एखादा माणूस हवेत तरंगतोय, डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना लागत नाहीत, कसलाच स्पर्श नाही. तरी 'मी आहे' एवढं त्याला कळेलच. म्हणजे तो 'मी' पायात नाही. मरणानंतर रूह उरते, सुख आणि दुःख तिलाच. बागा, नद्या, आग हे सगळं सामान्य माणसाला समजावं म्हणून दिलेलं चित्र. मला हे फार आवडलं होतं. अब्बांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग जन्नतमध्ये भात खाईल कोण?" त्यांनी विचारलं. "इथं बंद, अन् तिथं तोंडच नाही. हकीम साहेबांले साखर झाली नसन."

मग मी पुस्तकातल्या दुसऱ्याकडे, एका इमामांकडे वळले. त्यांनी ह्याच मुद्द्यावर हकिमाला धर्माबाहेर काढलं होतं. शरीर उठणारच, ते म्हणतात. ज्यानं पहिल्यांदा काहीच नसताना घडवलं त्याला दुसऱ्यांदा घडवायला काय अवघड? अब्बा खूश झाले. मी म्हटलं, "मग तुमचा पाय जाळला तरी तो पुन्हा घडवेलच की!" त्यावर मेश्रामकाका मध्ये पडले. "आता मले सांगा कासमभाऊ. बोडीत माणूस बुडाला, मासोळ्यायनं खाल्ला. त्या मासोळ्या तुमी आमी खाल्ल्या. त्या दिवशी तो माणूस आपल्या अंगातून निंगन का?" हाच प्रश्न त्या पुस्तकात होता, फक्त तिथं मासोळीच्या जागी माणूस खाणारा माणूस होता. मी उत्तरही वाचून दाखवलं: प्रत्येकाचे काही मूळ भाग असतात, ते दुसऱ्याच्या अंगात शिरले तरी दुसऱ्याचे होत नाहीत. आणि माकडहाडाचं एक टोक मातीतही कुजत नाही, त्याच्यापासून माणूस बीसारखा पुन्हा उगवतो. अब्बांनी कूस वळवून कमरेखाली हात लावून पाहिला. "एवढं हाड तं डॉक्टरले दाखवूच नका," ते म्हणाले आणि काका चहा सांडेपर्यंत हसले.

माझी सगळी मदार तिसऱ्यावर होती. तो काझी होता, दूर पश्चिमेकडचा. त्याचं मत मधलं होतं: शरीर मिळेल, पण हेच नाही, ह्याच्यासारखं दुसरं. जे गेलं ते तसंच्या तसं परत येत नाही; त्याच्या बरोबरीचं येतं. मी म्हटलं, "बघा अब्बा, नवा पाय मिळणार, चांगला, दाभण न टोचलेला. हा जाळला काय आणि ठेवला काय."

अब्बांनी चादर सारून पायाकडे पाहिलं. "पण नसीम," ते म्हणाले, "तो नवा पाय माझी गवाही कशी देईल? तो तं माझ्यासंगं जवाहरनगरले आलाच नाही."

मी पुढे ह्याच विषयाची शिक्षिका झाले, दरवर्षी हे तिघं वर्गात शिकवले, आणि दरवर्षी तिसऱ्यापाशी आले की खाटेवरचा तो प्रश्न आठवायचा. पण त्या दुपारी मला त्यात काही खोल वगैरे वाटलं नाही, मला फक्त राग आला. पायाला वास येऊ लागला होता. यंत्र बंद असल्यानं घरात कापूसही उडत नव्हता, वासच तेवढा सगळीकडे होता. मी पुस्तक आपटलं आणि ओरडले, "तुमच्या गवाहीच्या पायी आम्हाला उघड्यावर टाकून जाल!" आणि रडायला लागले. मला भीती वाटत होती की ते तिघं तत्त्वज्ञ आणि चौथी मी मिळून अब्बांना मारणार आहोत.

अम्मी पडद्याआड डाळीला फोडणी देत होती. इतके दिवस तिनं आमच्या बोलण्यात एक शब्द घातला नव्हता. ती हातात पळी घेऊनच बाहेर आली.

"जाळाचंच दुःख हाये ना तुमाले?"

"हो."

"मंग जाळू नका म्हणू. पाय मागून घेऊ अन् इथं आणू. कबरस्तानात तुमच्या मायच्या बाजूले जागा हाये, तिथं गाडू. एस्टीत लोकं खिडकीतून रुमाल टाकतेत ना, तसा तो पुढं जाऊन जागा धरन. तुमी या मागून आरामानं."

अब्बा उठून बसले. "डॉक्टर देईल का?"

"काहून नाही देणार? माझ्या नवऱ्याचा पाय हाये. त्याच्या घरचा हाये का?"

मौलवीसाहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं, "न गुसल है, न जनाजे की नमाज. पाक कपडे में लपेटिए और दफन कर दीजिए." आंघोळ नको, नमाज नको, स्वच्छ कापडात गुंडाळून पुरायचं, एवढी सोपी गोष्ट होती. गावात ती कुणी केलेली नव्हती म्हणून कुणाला सुचली नव्हती. मला मात्र सुचायला हवी होती, असं वाटून मी दोन दिवस अम्मीशी जरा फुरंगटूनच होते.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खळखळ न करता पाय दिला. अम्मी अब्बांजवळ थांबली आणि पाय गावी न्यायचं काम माझ्यावर आणि मेश्रामकाकांवर आलं. अम्मीनं घरून पांढरं मांजरपाट आणि नव्या गादीचा कापूस दिला होता. त्यात गुंडाळून, वरून प्लास्टिक लावून, ते बोचकं आम्ही एका रेग्झिनच्या पिशवीत ठेवलं. मी पिशवी उचलायला गेले. काकांनी ती माझ्याकडून घेतली. नागपूरपासून मोहाडीपर्यंत, मध्ये भंडाऱ्याला बस बदलताना सुद्धा, ती त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, सामान खाली सरकवा ना, अडचण होऊन राहिली." काका म्हणाले, "नाही गा, हे खाली ठेवाचं सामान नोहे." रूह नाही, कयामत नाही, उठणं नाही असं मानणारा तो माणूस पूर्ण वाटभर पिशवीवर हात ठेवून बसला होता. मी खिडकीशी होते. बाहेर बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे बुडखे दिसत होते.

आमच्यात बाया कबरस्तानात जात नाहीत. भिंत मात्र कमरेइतकीच होती, त्यामुळे मी बाहेर पळसाखाली उभी राहून सगळं पाहिलं. कबर खोदणाऱ्या हमीदचाचांनी नेहमीच्या सवयीनं जागेच्या बरोबर मध्यभागी खड्डा घेतला. काका म्हणाले, "अगा, मधात काहून? बाकीचा माणूस कुठं ठेवसान?" सगळे थबकले. मयत उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय अशी ठेवतात. मग पाय दक्षिणेच्या टोकालाच हवा. खड्डा बुजवून तिकडे दुसरा खोदला. मग कुणीतरी पाय उतरवताना बोटं पश्चिमेकडे केली, कारण मयताचं तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला करायचं असतं. दुसरा ओरडला, "अरे, किब्ल्याकडे पाय करता काय, तौबा!" पाय पुन्हा वर काढला. पायाला तोंड नसतं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बराच वाद होऊन शेवटी तो माणसाला जोडलेला असता तर जसा राहिला असता तसाच ठेवायचा ठरला. मी भिंतीबाहेर ओढणी तोंडात कोंबून हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसत होते. अब्बा दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा टाके दुखेपर्यंत तेही हसले.

अब्बा पुढे बरीच वर्षं जगले. कुबडी घेऊन पुढच्या खोलीत जायचे, स्टुलावर बसून यंत्र चालवायचे, कापड ताणायला अंगठ्याच्या जागी भिंतीत खिळा ठोकून घेतला होता. जुम्म्याला नमाजनंतर कबरस्तानावरून येताना थांबायचे आणि, अम्मीच्या शब्दांत, रुमाल जागेवर आहे का ते पाहून यायचे. माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले.

मग एका पावसाळ्यात मी माहेरी आलेली असताना झड लागली आणि तलावाचं पाणी कबरस्तानात शिरलं. त्याच दिवशी बांगड्या विकणाऱ्या सलमाचं लेकरू तापानं गेलं. नुकतं चालायला लागलेलं पोर, अम्मीच्या हातचा गूळ खायला आमच्या दारात यायचं. दुपारी हमीदचाचा आले. अंगावरून पाणी गळत होतं, पण आत येईनात. उंबऱ्याशीच उभे. अब्बांनीच विचारलं, "कुठंच कोरडं नाही का?"

"तुमच्या मायच्या बाजूलेच तेवढं उंच हाये, भाईजान. तुमची जागा."

"मंग खोदा ना."

अम्मी परात सोडून उठली. पोराच्या बातमीनं सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते, तरी ती बोलली. "अन् तुमी? एवढं सारं कायले केलं मंग? तुमचा पाय त्या लेकराच्या मातीत मिसळून जाईल ना."

अब्बांपुढे कुणाची तरी अर्धी भरलेली गादी होती. त्यांनी कापसातला हात तसाच ठेवला. "दोन घरचा कापूस मी कधी मिसळू देल्ला का?" ते म्हणाले. "मंग अल्ला देईल?" आणि हमीदचाचांना, "पाय दक्षिणेच्या टोकाले हाये. लेकराले जरा उत्तरेले घेजा. अन् जागा कोणाची होती, ते सलमाले सांगू नका."

ज्या पायासाठी हा माणूस मरायला निघाला होता, तो त्यानं एका वाक्यात दुसऱ्याच्या लेकराजवळ ठेवून दिला. मी त्यांना विचारलं नाही, की तुमचं मत कधी बदललं. बहुतेक बदललं नव्हतंच.

अब्बा गेले तेव्हा त्यांना पार दुसऱ्या टोकाला, वेशीकडच्या भिंतीशी जागा मिळाली. मी पुन्हा त्याच पळसाखाली उभी होते. मेश्रामकाका आता थकले होते, काठी टेकून माझ्याजवळ उभे राहिले. माती देऊन लोक निघाले. काका एकदा वेशीकडे बघत, एकदा त्या उंचवट्याकडे.

"मी तं ह्यातलं काही मानत नाही, पोरी," ते म्हणाले. "पण तुह्या बापाचं खरं निंगालं, तं त्या दिवशी त्या पायाले लई लांब चालत या लागन. इकडून तिकडे."

मी डोळे पुसले.

"येईल ना, काका," मी म्हटलं. "सलमाच्या लेकराले संगं घेऊन येईल."